फी जूनमध्ये, डाळिंब दिवाळीनंतर

महिन्याच्या वीस तारखेनंतर होस्टेलमधला प्रत्येकजण अर्थतज्ज्ञ होतो. मेसचं बिल, मोबाईलचा रिचार्ज, रूममेटची उधारी! पण आपण इथपर्यंत पोहोचलो त्यामागे घरातल्या कुणाचं तरी गणित असतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे कम्पाउंड इंटरेस्टचा फॉर्म्युला तोंडपाठ होता. त्यालाच चक्रवाढ व्याज म्हणतात आणि ते घर सांभाळतं, हे मात्र आईच्या वहीतून कळलं.

आम्ही सांगोला तालुक्यातले, डाळिंबवाले. शाळेची फी जूनमध्ये. मृग बहार धरायचा तोही जूनमध्येच, म्हणजे खत, फवारणी, मजुरी सगळं त्याच महिन्यात. पैसा येणार दिवाळीनंतर, तोही तेल्या आला नाही तर. पगारदाराला दरमहा थोडं बाजूला काढता येतं. शेतकऱ्याचा पैसा एकदम येतो आणि येण्याआधीच त्याला वाटा फुटलेल्या असतात.

आईने मी आठवीत असताना पोस्टात माझ्यासाठी दरमहा ५०० रुपयांचं पाच वर्षांचं आरडी खातं काढलं. रविवारच्या बाजारात बोकड विकला की ती पाच-सहा हप्ते आगाऊ भरून टाकायची. पप्पा हसायचे, "पाचशे रुपयांत कुठे इंजिनिअर होतो का?" पुढे खोडकिड्याने बाग वाळली आणि झाडं उपटावी लागली. माझी अॅडमिशन आली तेव्हा घरात रोख पैसा नव्हता. त्या खात्याचे ३६ हजारांच्या आसपास मिळाले. होस्टेल आणि मेसचे पहिले पैसे त्यातूनच भरले. पप्पा त्या दिवशी हसले नाहीत.

यातलं खरं इंजिन म्हणजे वेळ. ७२ ला व्याजदराने भागा, पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. ७.२ टक्क्यांना १० वर्षं. हाच नियम खर्चालाही लागू आहे. फी दरवर्षी ९ टक्क्यांनी वाढली तर ८ वर्षांत ती दुप्पट!

पीपीएफचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२० मध्ये त्याचा दर ७.१ टक्के झाला. तोच दर धरून दरवर्षी सुरुवातीला ६,००० रुपये भरले, तर १५ वर्षांत ९० हजारांचे सुमारे १ लाख ६२ हजार होतात. तेवढीच रक्कम त्याच दराने ५ वर्षांत जमवायची तर वर्षाला २६ हजारांहून जास्त भरावे लागतात. उशिराची किंमत ही अशी असते.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना आहे. वर्षाला किमान २५० रुपये, भरणा १५ वर्षं, मुदत २१ वर्षं. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. जानेवारी २०२४ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. मात्र हे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, म्हणून खातं काढताना विचारून घ्यावं.

आणखी एक गोष्ट. जास्त व्याज ऐकलं की आपण भुलतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आमच्या शेजारच्या काकांनी मुलीच्या शिक्षणाचे पैसे अशाच एका पतसंस्थेत ठेवले होते. ते अडकले आणि ताईचं नर्सिंग एक वर्ष पुढे गेलं.

आईचे नियम दोनच. दवाखान्याचा पैसा वेगळा, शिक्षणाचा वेगळा. आणि शिक्षणाच्या पैशाला सणावारी हात लावायचा नाही.

या सुट्टीत घरी गेलात की एकदा ती वही मागून बघा. आपल्या नावापुढे काय काय लिहिलंय ते वाचलं, की मेसमधलं ताट टाकून उठवत नाही.