राष्ट्रपतीची निवड आणि दुसऱ्या पसंतीचे मत

आमच्या एका संघटनेत चिटणीसाच्या जागेसाठी एकदा तिघे उभे राहिले. हात वर करून मते झाली. निवडून आलेल्या गृहस्थांच्या बाजूने शंभरांत चाळीसही हात नव्हते. पण उरलेले हात दोघांत वाटले गेल्यामुळे त्यांच्या गळ्यात हार पडला. पुढे संपाची वेळ आली तेव्हा जो तो म्हणू लागला, 'आम्ही कुठे यांना निवडले होते?' निम्म्याहून अधिक लोकांनी ज्याला स्वीकारलेले नाही, त्याने हाक दिली तर ओ कोण देणार? हा प्रश्न तेव्हा आम्हांला बोचला आणि आम्ही राष्ट्रपतीच्या निवडणुकीचे नियम काढून वाचले. घटना करणाऱ्यांनी नेमकी हीच अडचण तिथे ओळखली होती.

राष्ट्रपतीला तुम्ही-आम्ही मत देत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांतले निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांतले (दिल्ली व पुदुच्चेरी धरून) निवडून आलेले आमदार हे मत देतात. नामनियुक्त सदस्यांना मत नाही, विधानपरिषदेच्या आमदारांनाही नाही. आणि सगळ्यांचे मत एका वजनाचे नसते. राज्याच्या लोकसंख्येला निवडून द्यावयाच्या आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या आकड्याला पुन्हा हजाराने. ते त्या राज्याच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य. महाराष्ट्राचे १७५, उत्तर प्रदेशाचे २०८, सिक्कीमचे अवघे ७. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून ती निवडून आलेल्या खासदारांत वाटली की खासदाराच्या मताचे मूल्य निघते. २०२२ साली ते ७०० होते.

यात एक गोष्ट आमच्या मनाला खटकते. ही लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची आहे. तेव्हा महाराष्ट्रात पाच कोटी माणसे होती, २०११ च्या जनगणनेत ती सव्वाअकरा कोटी झाली. पण हिशेब पाच कोटींचाच. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत तो तसाच चालवायचा, असे घटनादुरुस्तीने ठरले. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन त्यापायी घटू नये, हा हेतू रास्त आहे. तरी जुन्या महागाईनिर्देशांकावर पगार घेणाऱ्या कामगाराला जे वाटते तेच इथे वाटते.

आता मत कसे देतात ते पाहू. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आपल्या पसंतीचे आकडे लिहायचे. १ हा आकडा लिहिलाच पाहिजे, नाहीतर मत बाद. पुढचे लिहा अथवा लिहू नका. मतदान गुप्त असते. मुख्य म्हणजे, इथे पक्षाचा व्हिप लागू होत नाही. २००७ साली शिवसेनेने आपल्या मित्रपक्षाची बाजू सोडून मराठी म्हणून प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला.

जिंकण्यासाठी वैध मतमूल्याच्या निम्म्याहून एक तरी अधिक हवे. पहिल्या पसंतीत कोणालाच तेवढे मिळाले नाही तर फेरनिवडणूक होत नाही, की प्रश्न लोकसभेकडेही जात नाही. सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवर पुढची पसंती ज्याला असेल त्याच्या गठ्ठ्यात त्या जातात. ज्यांवर पुढची पसंतीच नाही त्या बाजूला ठेवल्या जातात. असे एकेक करीत, कोणी तो आकडा गाठीपर्यंत किंवा एकटाच उरेपर्यंत.

ही वेळ प्रत्यक्षात एकदाच आली: १९६९ साली. ३ मे रोजी डॉ. झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्यासमोर वराहगिरी वेंकट गिरी. गिरी आमच्या बिरादरीतले. रेल्वे कामगारांच्या चळवळीत वाढलेले, आयटकचे अध्यक्षपद भूषविलेले, आणि बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने हात घातला म्हणून १९५४ साली केंद्रातले मजूरमंत्रिपद सोडणारे. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीही १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले होते. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ त्यांच्या पाठीशी होते. एकूण उमेदवार पंधरा. त्यांत पुण्याच्या पर्वती सत्याग्रहातले एक पुढारी आणि सोलापूरचे माजी खासदार पां. ना. राजभोजही होते.

इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे मत द्या असे सांगितले आणि काँग्रेस दुभंगली. १६ ऑगस्टला मतदान, २० ला मोजणी. वैध मतमूल्य ८,३६,३३७. म्हणजे हवे होते ४,१८,१६९. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. बाकी सर्वांना मिळून ८,५०५. त्यांत राजभोजांना ८३१, आणि एका उमेदवाराला ५७६, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने नेमके एका खासदाराचे मत!

गिरी पुढे होते, पण १६,६५४ नी कमी पडत होते. एकेक उमेदवार बाद होत गेला, शेवटी देशमुखही. या गठ्ठ्यांतून रेड्डींच्या पदरात ९१,८७९ पडली, गिरींच्या पदरात फक्त १८,५६२. आणि १०,८३३ मूल्याची मते वाटेतच संपली, कारण त्या मतदारांनी पुढे कोणाचे नाव लिहिलेच नव्हते. शेवट गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. लागणाऱ्या आकड्याच्या वर गिरी होते अवघे १,९०८. दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींनी पाचपट मिळवली, पण पहिली कमी पडली ती भरून निघाली नाही.

अमेरिकेत हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवतात. तिथे ५३८ निर्वाचक, बहुमत २७०. ते कोणालाच मिळाले नाही तर निवड लोकप्रतिनिधींच्या सभागृहाकडे जाते आणि तिथे लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत. १८२४ साली अँड्र्यू जॅक्सनला २६१ पैकी ९९ आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सला ८४ मते होती. सभागृहाने २४ पैकी १३ राज्यांच्या बळावर अ‍ॅडम्सला अध्यक्ष केले आणि जॅक्सनचे अनुयायी सौदा झाला म्हणून ओरडत राहिले. आमच्या मते आपली रीत बरी. तिथे मतदान झाल्यावर दारामागे बोलणी करायला वाव राहतो. इथे पुढचा कौल त्याच कागदावर, त्याच हाताने, आधीच लिहिलेला असतो.

गिरींच्या निवडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले. राष्ट्रपती स्वतः साक्षीला हजर राहिले, आणि १९७० साली अर्ज फेटाळले गेले. गंमतीखातर उभे राहणाऱ्यांना आवर घालायला १९७४ साली कायदा बदलून दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार अनामत ठरवण्यात आली. १९९७ साली ती पन्नास, पन्नास आणि पंधरा हजार झाली. आमच्यासारख्या संघटनावाल्याला पन्नास आमदार-खासदारांच्या सह्या कुठून मिळणार, हा प्रश्न वेगळा. १९७७ साली सदतीस अर्ज आले, छाननीत छत्तीस बाद झाले, आणि जो एक उरला तो नीलम संजीव रेड्डींचा होता. मतदान झालेच नाही.