बाकावरचा बॅनर, लेकीच्या हातचा

शुक्रवारची रात्र. आठवडाभराच्या डेडलाइन्स संपल्या, आता मस्त झोप... आणि तेवढ्यात आठवतं, रविवारी बॅनर द्यायचाय!

हे टेन्शन न्यू जर्सीतल्या माझ्या एका वसईकर मैत्रिणीचं. लेक दुसरीत, आणि मे महिन्यात तिचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा सोहळा. पांढरा फ्रॉक, मेणबत्ती हे सगळं मैत्रिणीच्या ओळखीचं. बॅनर मात्र नवा! अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये प्रत्येक मुलाच्या नावाचा फेल्टचा बॅनर त्याच्या घरच्यांच्या बाकाच्या टोकाला लटकतो. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तिथे असे बॅनर खूप दिसू लागले. आणि मुलं एवढी लहान का? पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये कम्युनियनचं वय साधारण सातवर आणलं, म्हणून.

फेल्टच का, तर ते विणलेलं नसतं. कापलं तरी धागे सुटत नाहीत, कडा दुमडायची कटकट नाही. सुई हातात न धरलेल्यांसाठी एकदम बेस्ट!

मैत्रिणीने रात्री जागून सगळं स्वतःच कापलं. सोनेरी प्याला, पांढरी गोल भाकर, द्राक्षं, गव्हाची ओंबी. सॉलिड फिनिशिंग! सकाळी लेकीने बघितलं आणि विचारलं, "मग हा तुझा बॅनर ना?"

झालं! शनिवारी पुन्हा श्रीगणेशा. या वेळी कात्री लेकीकडे. द्राक्षं बटाट्यासारखी झाली. नावातला 'आर' उलटा कापला गेला. पलटला तर सरळ, पण पेनाची रेघ वर आली. आई म्हणाली, नवा कापू. लेक म्हणाली, राहू दे.

रेघ राहिली. रविवारी बॅनर वेळेत पोचला.

तुम्हीही करणार असाल तर:

* चर्चकडून माप आधी विचारा. फेल्टचा तयार तुकडा बहुधा ९ बाय १२ इंचांचा मिळतो. नाव लांब असेल तर अक्षरं आधी कागदावर मांडून बघा.
* अक्षरं मागून आखत असाल तर उलटी आखा.
* वरची कड दुमडून चिकटवा, त्यात काठी सरकवा, दोरी बांधा.
* गरम ग्लू गन तुमच्या हातात, कात्री मुलाच्या.

आणि हो, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. ऑफिसचे मेल सोमवारपर्यंत थांबतात!