हातात हात: इकडे डाव, तिकडे दंड

वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये २३ ऑगस्ट २०१५ रोजी यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून प्रो कबड्डीचे जेतेपद पटकावले. कर्णधार अनुप कुमारच्या चढायांचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण त्या संघाचा खरा दरारा मागच्या फळीचा. कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, मध्ये जीवा कुमार आणि मुंबईकर विशाल माने. ही मंडळी चढाईपटूला कशी जेरबंद करत, हे भौतिकशास्त्राच्या अंगाने पाहण्यासारखे आहे.

पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे. झटापट होईपर्यंत दोन्ही कडांच्या एकेक मीटरच्या राखीव पट्ट्या बंद असतात, म्हणजे सात जणांनी सांभाळायची रुंदी उरते ८ मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे आणखी एका मीटरवर बोनस रेषा. बोनस गुण हवा तर चढाईपटूला एक पाय त्या रेषेपलीकडे टेकवावा लागतो आणि तेव्हा मागचा पाय हवेत असावा लागतो. त्या निमिषात त्याचा सगळा भार एका पावलावर येतो. कोपरारक्षक घोट्यावर झेपावतो तो नेमका तेव्हाच.

मात्र घोटा सापडला म्हणजे गडी अडकला असे नाही. पाय धरलेला असला तरी धड मध्यरेषेकडे झेपावत असते आणि आडवे पडून हात लांबवला तर दोनेक मीटर सहज पार होतात. बोटाचे टोक रेषेला लागले की त्याला धरणारे सगळेच बाद! म्हणून लागते साखळी, म्हणजे हातात हात धरून उभे राहिलेले बचावपटू.

समजा, ८० किलोचा चढाईपटू सेकंदाला ४ मीटर वेगाने परत फिरला आहे. तेवढ्याच वजनाच्या, जागेवर उभ्या बचावपटूने त्याला कवेत घेतले, तर धडकेनंतर दोघे मिळून सेकंदाला २ मीटर वेगाने रेषेकडे सरकतील. हात धरून दोघे आडवे आले, तर हाच वेग १.३ मीटरवर येतो. तिघे आले तर १ मीटरवर. उरलेले काम मॅट आणि बूट यांच्यातल्या घर्षणाचे. साखळीच्या मधोमध धडक बसली की तिची टोके आत वळतात आणि गडी आपसूक वेढला जातो. शिवाय खबरही हातातूनच पोचते. माणूस नजरेपेक्षा स्पर्शाला किंचित लवकर प्रतिसाद देतो, त्यामुळे जोडीदार हलला हे पाहण्याआधीच जाणवते.

याची किंमतही असते. एक हात कायम अडकलेला. एकाने उतावीळपणा केला की दुसरा नको तिथे ओढला जातो. जांबोरी मैदानात किंवा लालबाग-परळच्या मातीवर वर्षानुवर्षे कबड्डी पाहिलेल्या प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगायला नको. ‘घाई कोणी केली’ ते तो पंचांच्या आधी सांगतो.

सातासमुद्रापार अमेरिकन फुटबॉलमध्येही माणसे जोडून वजन वाढवण्याची युक्ती कोणाला तरी सुचली होती. लोरिन डेलँड हा मुळात बुद्धिबळाचा शौकीन. त्याने हार्वर्डच्या संघाला ‘फ्लाइंग वेज’ शिकवले: दोन तुकड्या दोन दिशांनी धावत येऊन पाचरीसारख्या एकत्र व्हायच्या आणि चेंडूवाल्याला आत घेऊन समोरच्यांवर आदळायच्या. १८९२ मध्ये येलविरुद्ध हा डाव खेळला गेला. त्या काळात मैदानावर माणसे दगावत होती. १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि १९१० मध्ये हातात हात गुंतवून अडवण्यावर बंदी आली.

बंदीमुळे तिथल्या पाच जणांच्या आघाडीला साखळीशिवाय साखळीचे काम करणे भाग पडले. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. बहुतेक जण १३५ किलोंच्या पुढचे. ‘झोन’ पद्धतीत पाचही जण एकाच दिशेने पाऊल टाकतात आणि माणूस न राखता जागा राखतात. एकाच प्रतिस्पर्ध्याला आधी दोघे मिळून रेटतात आणि मग त्यातला एक निसटून मागच्या फळीवर जातो. ‘गॅप’ पद्धतीत बहुतेक जण तिरके ढकलतात, तर एक गार्ड रांगेतून बाहेर पडून मागून वळसा घालत नवी वाट मोकळी करतो. तळहात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर हवेत. बाहेरून पकडून रोखले तर १० यार्डांचा दंड. डावपेच पाठ असलेले हे पाच जण मोठे वाकबगार खरे, पण त्यांना निदान कोणत्या दिशेने जायचे ते आधी ठाऊक असते. कबड्डीत ते फक्त चढाईपटूला ठाऊक असते, म्हणून या लेखाचे माप कबड्डीच्या पारड्यात.

कबड्डीतही एक वेळ अशी येते की साखळी सोडावी लागते. मॅटवर तिघे किंवा त्याहून कमी उरले की पकडीला दोन गुण मिळतात. तीच ‘अव्वल पकड’. आठ मीटर रुंदीत तिघांनी हात धरले तर एक अख्खी बाजू उघडी पडते. त्यामुळे कोपरारक्षक कडेला सुटा उभा राहतो, मधला त्याच्या झेपेची वाट पाहतो, आणि प्रत्येक जण माणूस न राखता जागा राखतो.