बरणीतल्या अळ्या

पाऊस स्थिरावला की एखाद्या सकाळी मुलांना सोबत घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा जुना टायर, नारळाची करवंटी, मनी प्लांटची बाटली, फ्रिजच्या मागचा ट्रे. यांपैकी कोठे तरी साचलेल्या पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखे काही वळवळताना दिसेल. त्या डासाच्या अळ्या. किळस करून सारे पाणी फेकून देण्यापूर्वी आठ-दहा अळ्या थोड्या पाण्यासह काचेच्या बरणीत घ्याव्यात, तोंडाला दुपदरी मलमलीचे फडके घट्ट बांधावे आणि उरलेले पाणी मात्र तेव्हाच कोरड्या मातीवर ओतून टाकावे. अळ्या चावत नाहीत. मुलांनी निर्धास्तपणे जवळून पाहावे.

भिंग असल्यास उत्तम. अळी पुनःपुन्हा वर का येते, हे मुलांनाच विचारावे. पाण्यात राहूनही ती हवेतच श्वास घेते, शेपटीकडच्या नळीने. डोके खाली करून तिरपी लटकणारी अळी बहुधा एडिस किंवा क्युलेक्स जातीची. हिवतापाच्या ॲनाफिलीसला ही नळी नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर पडून राहते. बरणीवर हाताची सावली धरली की साऱ्या तळाशी पळतात. दुसऱ्या पेल्यात चार अळ्या घेऊन वर गोडेतेलाचा पातळ थर द्यावा. श्वास कोंडून त्या मरतात. एखाद्या मुलाला त्यांची दया येईल. त्याला हसू नये.

रोज एक चित्र काढून तारीख घालावी. अळी चार वेळा कात टाकते आणि मग स्वल्पविरामासारखा वाकलेला कोष होतो. तो काही खात नाही आणि एक-दोन दिवसांत त्यातून डास निघतो. म्हणून कोष दिसताच प्रयोग संपवून बरणी उन्हात, कोरड्या जमिनीवर रिकामी करावी. गटारात ओतू नये.

डेंग्यूचा रुग्ण आला की घरी पाणी कोठे साचते, असे मी विचारतो. उत्तर बहुधा एकच मिळते : ‘समोरच्या गटारात, डॉक्टर.’ डेंग्यू पसरवणारा एडिस मुख्यतः साठवलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि फार दूर उडत नाही. तो बहुतेक वेळा आपल्याच किंवा शेजारच्या घरचा असतो. गटाराला नावे ठेवणे सोपे. स्वतःची ताटली उचलणे अवघड.

आणखी एक गोष्ट भिंगातून शोधण्याजोगी आहे. एडिसची मादी अंडी थेट पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या ओल्या कडेवर चिकटवते. ती काळी, एक मिलिमीटरहूनही लहान अंडी कोरडी पडून कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. पिंप नुसते रिकामे केल्याने काम होत नाही, ते याच कारणाने. कडा काथ्याने खसखसून घासाव्या लागतात.

पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस सारी भांडी कोरडी करायची, ती त्यामुळेच. हे काम मुलांकडे सोपवावे, हाती बॅटरी द्यावी. कूलरचा कोपरा, पक्ष्यांसाठी ठेवलेले वाडगे, अशा आपल्या नजरेतून सुटणाऱ्या जागा त्यांना बरोबर सापडतात. आणि सापडल्या, की ती पाहुण्यांसमोरही सांगतात.