तुकड्यांवरून आख्खा प्राणी कसा ओळखतात?



खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो. ते लांबून पाहिलं तर खेकडाच बसलाय असं वाटतं. कधी जाळ्यात नुसती तुटकी नांगी येते, तरी ती कुठल्या खेकड्याची हे आपण सांगतो, कारण आख्खा खेकडा आपण पाहिलेला असतो. पण जो प्राणी कुणीच जिवंत पाहिला नाही, त्याचं काय?

५० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात खेकडे-कोळंबीचे लांबचे नातेवाईक होते. आपल्या सामरवरणीकडे त्यांचे अवशेष मिळायचे नाहीत. इथला काळा खडक लाव्हारसाचा, फक्त सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. हिमाचलच्या स्पितीत मात्र त्या काळचा समुद्रतळ आज डोंगर झालाय. तिथल्या ट्रायलोबाइट या कवचवाल्या प्राण्यांचं वर्णन १९१० मध्ये छापून आलं. जगभर ट्रायलोबाइटचे जे अवशेष मिळतात, त्यातली बरीचशी टाकलेली कवचंच असतात.

खरी गंमत कॅनडातली. तिथे दगडात मिळालेल्या एका वाकड्या, काटेरी वस्तूचं वर्णन १८९२ मध्ये छापून आलं. ती बिनडोक्याची कोळंबी समजून नाव ठेवलं ॲनोमॅलोकॅरिस, म्हणजे 'विचित्र कोळंबी'. १९११ मध्ये तिथलीच एक गोल चकती जेलीफिश ठरली, तर एक लांबट धड समुद्रकाकडी ठरलं. पुढे एका नमुन्यावरचा दगड हळूहळू काढला, तेव्हा नांगी आणि चकती एकाच धडाला चिकटलेली दिसली! कोळंबी ही शिकार पकडायची नांगी होती आणि जेलीफिश हे तोंड. १९८५ मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी हे सगळं एकाच घराण्यातल्या प्राण्यांचं असल्याचं मांडलं.

तो जगायचा कसा, हेही अवयवच सांगतात. ऑस्ट्रेलियात मिळालेल्या त्याच्या डोळ्यात १६,००० हून जास्त भिंगं होती, म्हणजे उजेडाच्या पाण्यात बघून शिकार करणारा. तो ट्रायलोबाइटची कवचं फोडायचा असं आधी म्हणत. २०२३ मध्ये संगणकावर नांगीची ताकद तपासली, तर कठीण कवचापुढे तीच मोडली असती असं दिसलं. म्हणजे तो पोहत जाऊन मऊ भक्ष्य धरत असावा.

यातून आपल्या कामाची गोष्ट एकच. जाळ्यात अनोळखी काही आलं तर मोडतोड करू नका. सगळे अवयव जागेवर असतानाच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि जागा व तारीख लिहून ठेवा. नुसत्या तुकड्यावरून ओळख पटवायला जाणकारांनाही जवळजवळ शंभर वर्षं लागली!