सेनुआच्या कानातले आवाज

ईदच्या सुट्टीत धाकट्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहायला आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इशाची नमाज झाली, जेवणे आटोपली, की हा कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसायचा. एका रात्री पाणी प्यायला उठलो तर पडद्यावर चेहऱ्याला निळा रंग फासलेली एक तरुणी अंधारात एकटीच चालली होती. कमरेला कापडात गुंडाळलेले काहीतरी बांधलेले. ते माणसाचे डोके आहे हे कळल्यावर आमचा पारा चढला. "हेच बघण्यासाठी रात्री जागतोस का?" असे आम्ही त्याला दरडावले. त्याने उलट उत्तर दिले नाही. हेडफोन काढून आमच्या हातात दिला आणि म्हणाला, "मामू, पाच मिनिटे ऐका. मग हवे तेवढे रागवा."

आम्ही ऐकले. डाव्या कानामागून एक बाई कुजबुजली, पुढे जा. उजवीकडून दुसरी म्हणाली, परत फीर. तिसरी नुसतीच हसत होती. आम्ही खरोखर मान वळवून मागे पाहिले. मागे कोणीच नव्हते.

रागवायचे राहून गेले. पुढच्या काही रात्री आम्हीच त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. व्हिडिओ गेम म्हणजे वेळेची नासाडी, असे वर्गात अनेकदा सांगणारे आम्ही, एका गेमची गोष्ट शेवटपर्यंत पाहून उठलो. ती गोष्ट वाचकांनाही सांगावीशी वाटते.

अंधाराचा प्रवास

गेमचे नाव 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस'. ब्रिटनमधील केंब्रिजच्या 'निन्जा थिअरी' या कंपनीने तो तयार केला आणि 8 ऑगस्ट 2017 रोजी तो बाजारात आला. मोठ्या गेमवर शेकडो माणसे राबतात. हा मात्र जेमतेम वीसेक जणांनी घडवला.

काळ आठव्या शतकाच्या अखेरचा. आजच्या स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटे आहेत. तिथल्या पिक्ट जमातीतली सेनुआ ही तरुणी. समुद्रापलीकडून आलेल्या उत्तरेकडच्या लुटारूंनी तिचे गाव कापून काढले आणि तिचा जिवलग डिलियन याला हालहाल करून मारले. त्याचे डोके सोबत घेऊन ती हेलहाइमला निघते. उत्तरेकडच्या लोकांच्या जुन्या समजुतीप्रमाणे ही मेलेल्यांची दुनिया, आणि तिची मालकीण हेला. तिच्याकडून डिलियनचा आत्मा सोडवून आणायचा, एवढाच सेनुआचा ध्यास.

वरवर ही तलवारीची आणि राक्षसांची कथा आहे. पण थोडे पुढे गेल्यावर कळते की सेनुआला लहानपणापासून आवाज ऐकू येतात आणि नसलेल्या गोष्टी दिसतात. डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात, म्हणजे माणसाचे वास्तवाचे भान सुटते, ती ही अवस्था. समोर येणारे राक्षस बाहेर आहेत की तिच्या मनात, हे गेम सांगत नाही. जे तिला दिसते तेच आपल्याला दिसते, जे तिला ऐकू येते तेच आपल्याला ऐकू येते.

हे कल्पनेने रचलेले नाही. केंब्रिज विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ प्राध्यापक पॉल फ्लेचर यांचा सल्ला गेमला लाभला आणि 'वेलकम ट्रस्ट' या आरोग्यक्षेत्रातील संस्थेने मदत केली. ज्यांना स्वतःला असे आवाज ऐकू येतात, अशा माणसांना बनवणाऱ्यांनी बोलावले आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. माणसाच्या दोन कानांसारखे ऐकणाऱ्या मायक्रोफोनभोवती फिरत अभिनेत्रींनी ती कुजबुज बोलून घेतली. म्हणून तर आम्ही मागे वळून पाहिले.

सेनुआचा चेहरा आणि आवाज मेलिना युर्गेन्स यांचा आहे. त्या कंपनीत व्हिडिओ संकलनाचे काम करत होत्या, अभिनयाचा अनुभव शून्य. खरी अभिनेत्री मिळेपर्यंत चाचणीपुरते म्हणून त्यांना उभे केले गेले आणि शेवटी त्याच सेनुआ झाल्या. 2018 साली त्यांना अभिनयाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. गेमला एकूण पाच बाफ्टा मिळाले.

शाप कोणी दिला?

खेळाच्या सुरुवातीलाच सेनुआच्या हाताला काळी सड लागते. आपल्याला बजावले जाते की प्रत्येक पराभवानंतर ही सड वर चढत जाईल. ती डोक्यापर्यंत पोहोचली की सगळे संपले, इथवर खेळलेले सारे पुसले जाईल. भाचा पहिल्यांदा खेळला तेव्हा या धास्तीने त्याचे हात घामेजत. गेम बाजारात आल्यावर खेळणाऱ्यांना कळले की तसे काही पुसले जात नाही. धमकी पोकळ होती, भीती मात्र खरी होती.

सेनुआच्या बाबतीतही नेमके हेच घडलेले असते. तिचा बाप झिनबेल हा त्या जमातीचा धर्मगुरू. मुलीवर शाप आहे, ती लोकांत गेली तर गावावर संकट येईल, असे तिच्या मनावर बिंबवून त्याने तिला वर्षानुवर्षे अंधारात कोंडून ठेवले. डिलियनने तिला उजेडात आणले. जग वेगळे दिसणे हा गुन्हा नाही, हे सांगणारा तो पहिला माणूस. पण गावात साथ आली, माणसे मेली, आणि दोष सेनुआवर आला. खुद्द तिलाही ते पटले. 'शाप' घालवायला ती रानात निघून गेली आणि परतली तेव्हा गाव उरले नव्हते.

शेवटाकडे तिला एक दडपलेली आठवण सापडते. तिची आई गॅलेना, तिलाही आवाज ऐकू येत. आईच्या मृत्यूची भलतीच हकिगत तिला सांगितली गेली होती. प्रत्यक्षात बापानेच तिला जिवंत जाळले होते, आणि लहानग्या सेनुआने ते डोळ्यांनी पाहिले होते.

इथे आमच्या भाच्याने खेळ थांबवला. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

शेवटची लढाई अजब आहे. जितके लढाल तितके शत्रू येत राहतात. हात थांबवल्याशिवाय ती संपतच नाही. डिलियन परत येणार नाही, हे सेनुआ स्वीकारते. हेलाच्या जागी आपल्याला सेनुआच उभी दिसते. आवाज बंद होत नाहीत. पण आता ती त्यांना घेऊन पुढे चालू लागते, आपण शापित आहोत हे ओझे मात्र मागे टाकून. आजार तिच्यासोबतच राहतो. तिचे आयुष्य ज्याने नासवले, तो बापाचा शब्द होता.

आमच्या वर्गातली मुलगी

ही गोष्ट इतकी लागण्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. हळूहळू ती गप्प झाली. तासाला स्वतःशीच पुटपुटायची, कोणीतरी हाक मारल्यासारखी दचकायची. मुली तिच्या बाकावर बसेनात. "असर झालाय" असे मोहल्ल्यात बोलले जाऊ लागले. तिची अम्मी एके दिवशी शाळेत आली आणि "सर, काय करू?" म्हणून आमच्यापुढे बसली. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर देऊन पास झालेले आम्ही तिला म्हणालो, "काही दिवस घरीच ठेवा." मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. घराघरातल्या झिनबेलला आम्हीही थोडा हातभार लावला होता.

अशा अंधाराची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. 28 जण जळून मेले. त्यांच्या घरच्यांनी शिफा मिळावी म्हणूनच त्यांना तिथे सोडले होते. आज 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी आहे.

दुआ जरूर करावी. पण आजाराला इलाज असतो आणि तो शोधावा, ही शिकवणही आपलीच आहे. अबू झैद अल-बल्खी यांनी हजारेक वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला, तो सेनुआच्या काळापासून फार दूर नाही. आपल्या घरात कोणाला आवाज ऐकू येत असतील तर त्याला खोटे पाडू नये, हसू नये, घाबरवू नये. काय ऐकू येते ते शांतपणे विचारावे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

गेमबद्दल एक ताकीद. तो 18 वर्षांवरील लोकांसाठी आहे. त्यात रक्तपात आणि यातना आहेत. लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि ज्याचे मन आधीच खचलेले आहे त्याने तो टाळलेला बरा. मोठी मुले खेळत असतील तर मात्र दार लावून बसू देण्यापेक्षा कधीतरी शेजारी बसून पाहावे. आमचा भाचा आमच्याशी इतके बोलतो, हे आम्हाला त्या रात्रींमुळे कळले.

सुट्टी संपण्याआधी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. सिव्हिल हॉस्पिटलचा इलाज चालू आहे, गोळ्यांनी बराच फरक आहे, असे अम्मीने सांगितले. त्या दिवशी आम्ही चुकीचे बोललो, हे आम्ही कबूल केले. ती काही बोलली नाही, चहा आणायला उठली. परदा थोडा सरकला आणि आतून आवाज आला, "सर, अस्सलामु अलैकुम." आम्ही सलामाचे उत्तर दिले आणि ती बाहेर येऊन बसेपर्यंत थांबलो.