मेंदूची रसायने (लेखांक ७) : ‘कार्ट’ पेप्टाइड आणि उंदराचा खटका

मागील लेखांकात पाहिलेले डोपामाइन हा अगदी लहान रेणू आहे. न्यूरोपेप्टाइड मात्र अमिनो आम्लांची साखळी असते, चेतापेशीत आधी मोठ्या प्रथिनाच्या रूपात घडते आणि मग तुटून कार्यक्षम होते. अशांपैकी ‘कार्ट’ हे पेप्टाइड १९९५ मध्ये प्रकाशात आले. कोकेन किंवा अँफेटामाइन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत ज्या आरएनएचे प्रमाण वाढलेले आढळले, त्यापासून बनणारे पेप्टाइड म्हणून त्याला हे नाव मिळाले. पण नावावरून त्याचा संबंध केवळ अमली पदार्थांशी आहे असे समजणे चुकीचे ठरेल. १९९८ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी ते उंदरांच्या मेंदूतील द्रवपोकळीत सोडले, तेव्हा उंदरांचे खाणे कमी झाले आणि ‘कार्ट’ हे तृप्तीचे रसायन मानले जाऊ लागले. हा निष्कर्ष फार काळ निर्विवाद राहिला नाही, कारण २००१ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तेच पेप्टाइड भूक व तहान यांचे नियमन करणाऱ्या हायपोथॅलॅमसच्या ठरावीक केंद्रकांत सोडले असता उंदीर अधिक खाऊ लागले.

सुखसंवेदनेच्या संदर्भात या पेप्टाइडचा सर्वांत चिकाटीने केलेला अभ्यास नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात दादासाहेब कोकरे आणि पुण्याच्या आयसरमधील निशिकांत सुभेदार यांच्या सहकार्यातून झाला. त्यातील पद्धतीचे मूळ १९५४ मधील ओल्ड्स आणि मिल्नर यांच्या प्रयोगात आहे: मेंदूत विद्युताग्र बसवलेल्या उंदराला खटका दाबल्यास सूक्ष्म विद्युतझटका मिळतो, आणि तो झटका सुखद वाटत असल्यास उंदीर खटका पुन्हा पुन्हा दाबत राहतो.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गटाच्या प्रयोगात विद्युताग्र हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात होते, तर पेप्टाइड सोडले गेले थॅलॅमसच्या मध्यरेषेजवळील एका केंद्रकात, आणि तेही प्रत्येक उंदरामागे अवघे १० ते ५० नॅनोग्रॅम. तेवढ्याने खटका दाबण्याचे प्रमाण वाढले, शिवाय सौम्य झटक्यालाही उंदीर प्रतिसाद देऊ लागले. याउलट मेंदूतील स्वतःच्या ‘कार्ट’ला बांधून निष्प्रभ करणारे प्रतिपिंड त्याच ठिकाणी सोडले, तेव्हा परिणाम उलटा झाला. या दुसऱ्या निरीक्षणाचे मोल अधिक, कारण बाहेरून दिलेल्या रसायनाने वर्तन बदलले एवढ्यावरून मेंदू स्वतःही ते रसायन त्याच कामासाठी वापरतो असे म्हणता येत नाही. स्वाभाविक पेप्टाइड अडवल्यावर वर्तन मंदावले, तरच ते म्हणता येते.

‘कार्ट’चा हा संदेश थॅलॅमसमधील त्या केंद्रकातून पुढे ग्लुटामेट वापरणाऱ्या चेतापेशींमार्फत न्यूक्लियस अकम्बन्सच्या बाह्य भागात, म्हणजे डोपामाइनच्या परिचित सुखकेंद्रात जातो. तेथे ग्लुटामेटचा एक ग्राही औषधाने रोखल्यावर ‘कार्ट’चा प्रभाव ओसरतो. याच गटाच्या २०१२ मधील मॉर्फिनविषयक प्रयोगांत अकम्बन्समधील ‘कार्ट’ डोपामाइनच्या पुढच्या टप्प्यावर काम करते असे दिसले होते. त्यामुळे ‘तृप्तीचे’ किंवा ‘सुखाचे’ अशी विशेषणे या पेप्टाइडला लावण्याऐवजी ते कोणत्या केंद्रकात, कोणत्या पेशींसमोर सुटते हे विचारणे अधिक शास्त्रीय ठरते. त्या पेशींवरील कोणता ग्राही ‘कार्ट’ला धरतो, हा प्रश्न मात्र पंचवीस वर्षे रेंगाळला, २०२० मध्ये जीपीआर १६० या ग्राहीचे नाव पुढे आले, पण त्यावर सर्वांचे एकमत झालेले नाही.